ई-ऑफिस आलं, तरी फाइल का अडते?

तुम्ही विचारलंय की बेलापूरच्या कोकण भवनातल्या तुमच्या विभागात ई-ऑफिस लागू झालं, पण निर्णयांचा वेग तसाच आहे. नक्की काय बदलायला हवं?

फाइल किती टेबलांवरून जाते, ते आधी बदला. लिपिक, अव्वल कारकून, नायब तहसीलदार, तहसीलदार असा कागदाचा प्रवास होता, तोच आता स्क्रीनवर होतो. प्रत्येक जण 'मान्यतेस्तव सादर' एवढंच लिहून वर पाठवतो. मग वेळ वाचणार कुठून?

यासाठी नवा कायदा लागत नाही. बदल्या आणि दफ्तर दिरंगाईचा 2005 चा कायदा सांगतो की फाइल सादर करण्याचे स्तर साधारणपणे 3 पेक्षा जास्त नसावेत आणि कोणाकडेही फाइल 7 कामकाजाच्या दिवसांहून जास्त पडून राहू नये. तातडीची 4 दिवसांत, अगदी तातडीची शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. ही तरतूद माहीत असूनही कोणी वापरत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कोणत्या विषयावर खालच्या कोणत्या अधिकाऱ्याने निर्णय घ्यायचा, हे अधिकार देणारा लेखी आदेश तुमच्या साहेबांना काढायला सांगा. नेहमीची प्रकरणं खालीच संपली पाहिजेत. ऑडिटच्या भीतीने खालचे अधिकारी सही टाळतात, म्हणून तोंडी सूचना पुरत नाही.

सहा गठ्ठे पद्धत, म्हणजे टेबलावरचे कागद कामाच्या स्थितीनुसार सहा गठ्ठ्यांत लावणं, तर कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय आजच सुरू होते. त्यातला 'प्रतीक्षाधीन', म्हणजे दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणाऱ्या प्रकरणांचा गठ्ठा दर सोमवारी स्वतः उघडा. खरी अडलेली कामं तिथेच सापडतात.