हातोडा आणि हिशोब : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली पत्रं बहुतेक गिल्ड वॉर्स २ या ऑनलाइन खेळाची आहेत. साहजिकच आहे. मी २०१३पासून तोच खेळ खेळते आणि दुसऱ्या खेळाबद्दल विचारलं की माझं उत्तर आखूड होतं, हे तुम्ही केव्हाच ओळखलंय. एकच विनंती आहे. ‘खूप सोनं गेलं’, ‘बराच वेळ खणलं’ असं लिहू नका. किती गेलं, किती वेळ खणलं, तो आकडा लिहा. आकड्याशिवाय मी फक्त हळहळू शकते.

प्रश्न : ताई, माझी रेंजर मागच्या आठवड्यात लेव्हल ८०ला पोचली. अंगावर हिरवं, पिवळं, मिळेल ते चढवलंय. गिल्डमधले म्हणतात, असेंडेड सेट नसेल तर कुणी सोबत घेणार नाही. त्याचा खर्च बघून डोळे फिरले. आधी काय करू?

आधी गिल्डमधल्यांना विचार, की ८०ला पोचल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वतः काय घातलं होतं. मग ट्रेडिंग पोस्टवर, म्हणजे खेळातल्या बाजारात जा आणि पूर्ण एक्झॉटिक सेट (पिवळ्याच्या वरचा, असेंडेडच्या खालचा दर्जा) सरळ विकत घे. बनवत बसू नकोस. एक्झॉटिक आणि असेंडेड यांच्यात फरक साधारण ५ टक्क्यांचा. तुझा खरा घोळ रंगाचा, म्हणजे दर्जाचा नाहीच, स्टॅटचा आहे, म्हणजे कुठली वस्तू कोणती ताकद वाढवते त्याचा. तू पाठवलेल्या यादीत छातीवर बर्सर्कर (मारायचं), पायात क्लेरिक (बरं करायचं) आणि हातमोज्यांवर सोल्जर (मार सोसायचं) आहे. म्हणजे एक बैल शेताकडे, दुसरा गोठ्याकडे आणि तिसरा जागेवर बसलेला. मारायचं असेल तर सगळं बर्सर्कर घे. एवढ्या एका बदलाने जो फरक पडेल त्यापुढे ते ५ टक्के किरकोळ आहेत.

घाई नको म्हणते त्याला कारण आहे. २०१२ साली हा खेळ आला तेव्हा शेवटची लेव्हल ८० होती, आजही ८०च आहे. दुसऱ्या बऱ्याच खेळांत नवा विस्तार आला की जुनं चिलखत भंगारात जातं, इथे तसं होत नाही. असेंडेड सहा महिन्यांनी घेतलंस तरी तेवढंच चालेल. घाई लागते ती फक्त फ्रॅक्टल्समध्ये (पायरीपायरीने अवघड होत जाणाऱ्या छोट्या मोहिमा) वर चढायचं असेल तर. तिथे अ‍ॅगनी नावाचा मार बसतो, तो सोसायला इन्फ्युजन (वस्तूत बसवायचे खडे) लागतात आणि ती बसवायची खाच असेंडेडलाच असते. त्यातही सुरुवात अंगठ्या, गळ्यातलं, कानातलं यांपासून कर. ते लॉरेल नावाचं खेळातलं चलन देऊन किंवा त्या त्या नकाशावरच्या चलनात मिळतं, सोन्याला फारसा हात लावावा लागत नाही. चिलखत अगदी शेवटी.

मी नेमकं उलटं केलं होतं. गार्डियनसाठी सगळ्यात आधी जड चिलखताचे सहाही तुकडे असेंडेड बनवले, तेही सोल्जर स्टॅटचे, कारण मला मरायची भीती वाटायची. मेले नाही हे खरं. पण समोरचंही कुणी मरत नव्हतं. मिस्टिक फोर्जमध्ये (चार वस्तू टाकून एक मिळवायचं कुंड) टाकून असेंडेडचे स्टॅट बदलता येतात हे मला फार उशिरा कळलं, तोवर दुसरा सेट अर्धा झाला होता.

प्रश्न : मी वेपनस्मिथ आहे, पातळी ४००. धातू, लाकूड सगळं स्वतः गोळा करतो, त्यामुळे खर्च शून्य. तलवारी बनवून ट्रेडिंग पोस्टवर लावतो. कुणी माझ्याखाली भाव लावला की काढून पुन्हा लावतो. माल विकलाही जातो. तरी दोन महिन्यांत पाकीट १० गोल्डच्या वर गेलेलं नाही. पैसा जातो कुठे?

भाऊ, तुमच्या पत्रातल्या ‘खर्च शून्य’ या दोन शब्दांखाली मी लाल पेनाने रेघ मारली आहे. पैसा तिथेच जातो.

तुम्ही खणलेलं मिथ्रिल (खेळातला एक धातू) तसंच पोस्टवर टाकलं असतं तर आत्ता त्याचे पैसे आले असते. ते न विकता भट्टीत घातलं, म्हणजे त्या भावाने तुम्ही ते स्वतःकडूनच विकत घेतलं. आता वही काढा. समजा, एका तलवारीत गेलेला माल तसाच विकून, फी जाऊन हातात ९० सिल्व्हर आले असते. तलवार तुम्ही १ गोल्डला, म्हणजे १०० सिल्व्हरला लावली. लावतानाच ५ टक्के फी, ५ सिल्व्हर गेले. ते तलवार विकली गेली नाही तरी परत मिळत नाहीत. विकली की आणखी १० टक्के कापतात. हातात ८५. घण मारून मारून तुम्ही ५ सिल्व्हर घालवलेत. आणि काढून पुन्हा लावता म्हणता, तर दर खेपेला आणखी ५ सिल्व्हर. तीनदा लावलेली तलवार भाव न उतरवता विकली तरी हातात ७५च येतात. खाली कुणी भाव लावला तर लावू द्या. त्याचा माल संपला की तुमचा नंबर येतो.

आता तलवारीतच पैसा का नाही, तेही सांगते. ४००पर्यंत चढायला जो तो तलवारी ठोकतो. त्याला तलवार नको असते, पातळी हवी असते. म्हणून मालाच्या भावाखालीही विकून मोकळा होतो. तुमची टक्कर दुसऱ्या दुकानदाराशी नाहीच. ती शिकाऊ पोराने फेकून दिलेल्या मालाशी आहे.

भाव असतो तो जिथे खेळाने हात बांधलेत तिथे. पातळी ४५०वर न्या. मग मिथ्रिलियमचा गोळा करता येतो, पण खात्यामागे दिवसाला एकच. त्याला ५० मिथ्रिल इंगट, एक एक्टो (पिवळ्या वस्तू मोडून निघणारा माल) आणि व्यापाऱ्याकडचे दहा रीएजंट लागतात. एका इंगटला दोन खनिजं, म्हणजे १०० दगड. साध्या शिरेवर तीन घाव बसतात, म्हणजे सुमारे ३४ शिरा. या गोळ्यापासून असेंडेड शस्त्रांना लागणारं डेल्ड्रिमोर स्टील होतं आणि ते पोस्टवर विकता येतं. कुणी कितीही श्रीमंत असला तरी दिवसाला दुसरा गोळा पाडू शकत नाही. ज्याला असेंडेड शस्त्र आजच हवंय त्याला थांबायचं नसतं, आणि तुम्ही त्याला विकताय ती त्याची वाट पाहण्याची वेळ.

पण इथेही डोळे मिटून गोळे पाडू नका. माझ्या वहीत तीन रकाने आहेत : माल तसाच विकला तर, स्टील करून विकलं तर (भाव गुणिले ०.८५, हे विसरायचं नाही) आणि फरक. फरक वजा असेल त्या दिवशी भट्टी बंद, मिथ्रिल तसंच बाजारात. माल कमी पडला तर खरेदीची मागणी लावून ठेवा. मागणी लावायला फी नाही, फक्त पैसे अडकून राहतात आणि मागणी रद्द केली की परत मिळतात. ‘आत्ता विकत घ्या’चं बटण अधीर माणसांसाठी आहे.

खणणं मात्र सोडू नका. या खेळात शीर प्रत्येकाला वेगळी मिळते, दुसऱ्याने आधी खणली म्हणून तुमची संपत नाही. मला तर ते तीन घावांचं ठक ठक ठक ऐकल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नाही. फक्त त्याला फुकट म्हणू नका.

प्रश्न : पिवळ्या वस्तूंचं काय करावं? विकाव्या, मोडाव्या की मिस्टिक फोर्जमध्ये टाकाव्या?

६८ किंवा त्यावरच्या लेव्हलची पिवळी वस्तू मास्टर किंवा त्याहून बऱ्या साल्व्हेज किटने मोडली की एक्टो निघण्याची शक्यता असते. कधी दोन-तीन निघतात, कधी काहीच नाही, सरासरी एकाच्या थोडी आतच येते. म्हणून एक्टोचा भाव बघा, त्यातले १५ टक्के काढा, आणखी थोडं नशिबाच्या नावाने काढा. वस्तू तशीच विकून हातात याहून जास्त येत असेल तर विका, नाहीतर मोडा. स्वस्त किट मात्र पिवळ्यावर वापरू नका. चार तांब्याच्या नाण्यांची बचत आणि एक्टोचं पाणी.

फोर्जचं म्हणाल तर चार पिवळ्या टाकल्या की एक वस्तू बाहेर येते आणि साधारण पाचातून एकदा ती एक्झॉटिक असते. एका रात्री मी डस्क ही दुर्मिळ तलवार हवी म्हणून ८० पिवळ्या ग्रेटस्वोर्ड फोर्जमधल्या झोमोरॉस या जिनच्या घशात घातल्या. वीस फेऱ्या झाल्या. चार एक्झॉटिक आल्या, चारही भलत्याच. त्याच्या त्या ढेकर दिल्यासारख्या हसण्याचा मला आजही राग येतो. २०१५च्या विस्तारापासून डस्कसारखा प्रीकर्सर (लेजेंडरी शस्त्रासाठी आधी लागणारं शस्त्र) ठरलेलं कलेक्शन पूर्ण करून स्वतः बनवता येतो. लांबचा रस्ता आहे, पण त्याला शेवट आहे.

प्रश्न : मटेरियल स्टोरेजमध्ये प्रत्येक खण २५०ने भरलाय. भाव वाढतील म्हणून ठेवलंय. बरोबर आहे ना?

कशाचे भाव वाढतील आणि का, हे एका वाक्यात सांगता येत असेल तर ठेवा. नसेल तर तो साठा नाही, अडगळ आहे. विका.

प्रश्न : ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये हाय अल्केमीने खरंच पैसे सुटतात, की नुसती मॅजिकची पातळी वाढते?

सुटतात, पण चिमटीने. मॅजिक ५५ झालं की वस्तूची नाणी करणारा हा मंत्र येतो. एका मंत्राला पाच फायर रून आणि एक नेचर रून (मंत्रात खर्च होणारे दगड). आगीची काठी हातात धरली की फायर रून वाचतात. रून प्लेटबॉडी या चिलखतावर मंत्र टाकला की ३९,००० नाणी मिळतात. गिऱ्हाईक असो नसो, कारण हे पैसे कुणी खेळाडू देत नाही, खेळ देतो. तेव्हा प्लेटबॉडीचा आजचा भाव अधिक नेचर रूनचा भाव ३९,०००च्या खाली आहे का, एवढंच बघायचं. हीच वजाबाकी हजारो जण करत बसलेले असल्यामुळे फट अरुंद असते आणि ग्रँड एक्स्चेंजवर (त्या खेळातला बाजार) दर चार तासांना ठरावीक नगच घेता येतात. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. एक्स्चेंजवर विकणाऱ्याला कर बसतो (२०२१च्या डिसेंबरात १ टक्का होता, २०२५मध्ये २ टक्के झाला), अल्केमीच्या नाण्यांना तो नाही.

प्रश्न : एक अनोळखी खेळाडू मेलवर म्हणतो, ‘तू एक्टो पाठव, मी बाजारभावापेक्षा जास्त सोनं पाठवतो, फीचे १५ टक्के दोघांचे वाचतील.’ करू का?

नको. या खेळात समोरासमोर देवघेवीची खिडकीच नाही, फक्त टपाल आहे. आधी कोण पाठवणार, हा प्रश्न आला की आधी पाठवणारा बुडतो. माझी २५० एक्टोची एक पूर्ण रास अशीच गेली. वर त्याने ‘पोचले, धन्यवाद’ असं उत्तरही पाठवलं होतं. फार सभ्य माणूस. ते १५ टक्के म्हणजे बाजाराच्या चौकीदाराचा पगार समजा.

बाहेरून पैसे देऊन सोनं विकत घेण्याबद्दल आणखी दोन पत्रं आहेत. दोघांनाही एकच उत्तर : खातं बंद होतं. फारच अडलं असेल तर खेळातच, खऱ्या पैशांनी घेतलेले जेम देऊन सोनं घेता येतं. महाग पडतं, पण खातं राहतं.

प्रश्न : मी खेळत नाही, माझी लेक खेळते. जेवायला हाक मारली की म्हणते, ‘थांब, आजचं मिथ्रिलियम राहिलंय.’ ताट वाढलेलं गार होतं. हे राहिलं तर नक्की काय होतं?

काही होत नाही. आजचा गोळा राहिला तर तो गेला, उद्या पुन्हा एकच करता येतो. तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही, गेलेला दिवस भरून निघत नाही. पण तुम्हाला एक युक्ती सांगते. पुढच्या वेळी हाक मारताना विचारा, ‘इंगट तयार आहेत का गं?’ हो म्हणाली तर एक मिनिटाचं काम आहे, उभ्या उभ्या थांबा. नाही म्हणाली तर तिला अजून चौतीस शिरा खणायच्या आहेत. ताट झाकून ठेवा.