नागिणीची गोळी दिवसातून पाच वेळा कशाला?

प्रश्न : सासूबाईंना कमरेला नागीण उठलीये. शेजारच्या काकू म्हणतात गेरू लावा, तोंडाला शेपूट जुळली की माणूस जातो. डॉक्टरांनी असायक्लोव्हिर ८०० दिलीये, तीही दिवसातून पाच वेळा! इतक्यांदा कशाला? आणि माझी मुलगी एम.फार्म करतेय, ती म्हणते ही गोळी पीएचडी नसलेल्या बाईने शोधली, मग मी तरी पीएचडी कशाला करू. खरंय का हे? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी शेपटीचं बघू. नागीण म्हणजे कांजिण्यांचाच व्हायरस, लहानपणी येऊन गेलेला, तो नसांच्या मुळाशी वर्षानुवर्षं दबा धरून बसतो आणि वय झालं, ताकद कमी झाली की त्याच नसेच्या पट्ट्यात वर येतो. म्हणून पुरळ बहुतेक वेळा अंगाच्या एकाच बाजूला असतं. शेपूट जुळून कोणी जात नाही, काकूंना सांगा. गेरू नकोच, फोड चिघळले तर नसता ताप.

पाच वेळा अशासाठी की पोटात गेलेल्या गोळीतलं जेमतेम १५ ते ३० टक्के औषध रक्तात उतरतं आणि जे उतरतं तेही तीनेक तासांत निम्मं होतं. दर चार तासांनी द्या, रात्री झोपेतून उठवू नका. पाणी भरपूर पाजा, आणि किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, डोस बदलतो. पुढे याच औषधाला व्हॅलिन जोडून व्हॅलासायक्लोव्हिर आलं, ते जास्त शोषलं जातं म्हणून दिवसातून तीनदाच, पण महाग पडतं. डॉक्टरांना विचारून बघा.

आता मुलीचं. ती म्हणते ते निम्मं खरं. बाईंचं नाव गर्ट्रूड एलियन, जन्म न्यूयॉर्क, १९१८. ती पंधरा वर्षांची असताना आजोबा पोटाच्या कॅन्सरने गेले तेव्हाच हिने ठरवलं की यावर काम करायचं. १९३७ ला केमिस्ट्रीची पदवी घेतली, पण बाई म्हणून लॅबमध्ये कोणी उभं करेना, मग काही काळ लोणच्याचा आंबटपणा नि मेयॉनीजमध्ये जाणाऱ्या बलकाचा रंग तपासत बसली! १९४४ मध्ये बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्जच्या हाताखाली लागली. संध्याकाळी पीएचडी चालू होती, पण कॉलेजने सांगितलं फुलटाइम ये नाहीतर सोड, तिने पीएचडी सोडली.

तिथे या दोघांनी डीएनएच्या घटकांसारखे दिसणारे नकली रेणू बनवायला घेतले. त्यातून ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचं, ६-मर्कॅप्टोप्युरिन आलं, ॲझाथायोप्रिन आलं ज्याने किडनी बदलणं जमायला लागलं, आणि ॲलोप्युरिनॉल, म्हणजे आपल्याकडे घरोघरी असते ती युरिक ॲसिडची गोळी. एका टेबलावरून एवढं निघणं म्हणजे कमालच म्हणायची.

पण असायक्लोव्हिर एकट्या एलियनचं नाही. तो रेणू त्याच कंपनीतल्या हॉवर्ड शेफरचा. तो व्हायरसला नेमका कसा मारतो हे एलियनच्या टीमने सोडवलं, आणि मला तरी खरी गंमत तिथेच वाटते. गोळीतलं औषध तसं निष्क्रिय असतं, त्याला पहिला फॉस्फेट चिकटवतो तो व्हायरसचाच एन्झाइम, आपल्या निरोगी पेशींना ते जवळजवळ जमतच नाही. मग तो रेणू व्हायरसच्या डीएनएच्या साखळीत शिरतो, आणि त्याला पुढची कडी अडकवायची जागाच नसते, साखळी तिथेच थांबते. म्हणजे व्हायरस स्वतःच्या हाताने विष कालवून घेतो. १९८८ ला एलियन, हिचिंग्ज आणि ब्रिटनचे जेम्स ब्लॅक यांना मिळून नोबेल मिळालं.

तर मुलीला सांगा, एलियनला हिचिंग्जसारखा साहेब मिळाला होता, जो तिला केमिस्ट्रीतून बायोकेमिस्ट्रीत, फार्माकॉलॉजीत, व्हायरसमध्ये मोकळं फिरू द्यायचा. आज कंपन्यांत सिंथेसिसच्या, म्हणजे प्रत्यक्ष रेणू बनवायच्या, बेंचवर एम.एस्सी., एम.फार्मवाले भरपूर आहेत, पण कोणता रेणू करायचा हे ठरवणाऱ्या खुर्चीसाठी बहुतेक ठिकाणी पीएचडीच मागतात. बेंचवरच रमायचं असेल तर तिने खुशाल थांबावं, त्या खुर्चीवर डोळा असेल तर मात्र फेलोशिपचे फॉर्म आत्तापासून बघायला लावा.