सी मध्ये −१ हे १ पेक्षा मोठं कसं ठरतं? बाकीच्या भाषांतही असंच होतं का?

सी चा नियम असा, की इंट (उणे-अधिक दोन्ही धरणारा पूर्णांक) आणि अनसाइन्ड इंट (उणे नसलेला, शून्यापासून वरचा) समोरासमोर आले की इंटचं आधी अनसाइन्ड होतं. तुमचा १ अनसाइन्ड असणार, म्हणून ३२ बिटांत तुमच्या −१ चं झालं ४२९४९६७२९५. ते १ पेक्षा मोठंच.

मला मात्र जास्त घोर लावला तो दुसऱ्या नियमाने. इंटपेक्षा लहान प्रकार हिशेबाआधी इंट होतात, पण त्यांच्या सगळ्या किमती इंटमध्ये मावत असतील तरच. नाहीतर अनसाइन्ड इंट. आणि इंट केवढा, ते बोर्डावर ठरतं.

आमची गल्ली कोल्हापुरात पंचगंगेच्या काठाला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. गल्लीसाठी मी भोंगा केला: बंधाऱ्याचा आकडा इंचांत भरायचा, १६ बिटी अनसाइन्डमध्ये, आणि 'पातळी वजा धोका' शून्याच्या वर गेलं की भोंगा. घरी ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डावर तपासलं, चोख चाललं. बसवताना हाताशी आर्डुइनो ऊनो हा दुसरा बोर्ड होता, तो लावला. रात्री पाणी ३८ फुटांवर होतं. पहिलाच आकडा भरला आणि भोंगा सुरू! शेजारच्या काकू ज्वारीचं पोतं माळ्यावर चढवायला लागल्या.

४५६ वजा ५१६. ईएसपी३२ वर इंट ३२ बिटी, म्हणून −६०. माझ्या ऊनोवर इंटच १६ बिटी, त्यात १६ बिटी अनसाइन्डच्या सगळ्या किमती मावत नाहीत, हिशेब अनसाइन्डच राहिला, म्हणून ६५४७६. कोड अक्षरन् अक्षर तोच. २०१९ चा पूर पाहिलेली माणसं आहेत ही. एकदा खोटा भोंगा झाला की खऱ्या भोंग्याला कोण उठणार?

जावात बाइट आणि शॉर्ट हे छोटे प्रकार कुठल्याही मशीनवर ३२ बिटी इंटच होतात. पायथनच्या पूर्णांकाला रुंदीची मर्यादाच नाही. गो आणि रस्ट वेगवेगळ्या प्रकारांची बेरीज कंपाइलच करत नाहीत, आधी स्वतः बदलून द्या म्हणतात. मला हेच पटतं. पण माझे दोन्ही आकडे एकाच प्रकारचे होते, त्यामुळे गो नेही ६५४७६ च दिलं असतं. रस्ट निदान डीबग बिल्डमध्ये (चुका शोधण्यासाठी बनवलेल्या प्रोग्रॅममध्ये) तिथल्या तिथे थांबला असता.

जीसीसी या सी च्या कंपाइलरला जास्तीचे इशारे मागणारा '-डब्ल्यूएक्स्ट्रा' हा पर्याय द्या. सी साठी नुसतं '-डब्ल्यूऑल' पुरत नाही. तुमच्यासारखी तुलना '-डब्ल्यूएक्स्ट्रा' मध्ये पकडली जाते, माझी वजाबाकी नाही. म्हणून मी ती काढूनच टाकली. आता भोंग्यात सरळ 'पातळी > धोका' एवढंच आहे.