भारतातली सर्कस मराठी माणसाने सुरू केली असं आमचे आजोबा सांगतात, हे खरं आहे का? जुने कलाकार आज कुणाला आठवतात का?

खरं आहे. तुमचे आजोबा विष्णुपंत छत्र्यांबद्दलच बोलत असणार. छत्रे कुरुंदवाड संस्थानात चाबूकस्वार होते, घोडे तयार करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. चियारिनीची इटालियन सर्कस मुंबईला आली, ती त्यांनी पाहिली, आणि असा खेळ आपली माणसंही करू शकतात हे दाखवायचंच या जिद्दीने २० मार्च १८८० रोजी त्यांनी 'ग्रेट इंडियन सर्कस'चा पहिला खेळ केला.

चाबूकस्वाराने सर्कस काढावी यात नवल नाही, कारण सर्कस जन्मालाच घोड्यावर आली. १८व्या शतकात लंडनला फिलिप ॲस्टली गोल फिरणाऱ्या घोड्याच्या पाठीवर उभा राहून कसरती करायचा. ठरावीक वेगाने गोल धावणाऱ्या घोड्यावर आत झुकून तोल सांभाळता येतो. रिंगण साधारण ४२ फूट व्यासाचं ठरलं ते त्यातूनच, आणि घोडे गेले तरी रिंगण राहिलं.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. छत्रे खेळ घेऊन केरळात तेलिचेरीला गेले, तिथे त्यांना कीलेरी कुन्हिकण्णन हे कळरी (केरळची जुनी युद्धकला) आणि जिम्नॅस्टिक्स शिकवणारे गुरू भेटले. सर्कशीसाठी मुलं तयार करायचं काम कुन्हिकण्णन यांनी अंगावर घेतलं आणि १९०१ साली तेलिचेरीतल्या चिरक्करा इथे सर्कशीची शाळा काढली. तेव्हापासून झुल्यावरच्या कलाकारांत केरळची नावं भराभर वाढत गेली. म्हणजे पाया आपण घातला, पण सर्कस उभी राहिली ती तेलिचेरीच्या तालमीवर. हे आपण मोकळेपणाने सांगायला हवं.

कलाकारांत एक नाव तरी प्रत्येक मराठी घरात माहीत असायला हवं, दामू धोत्रे. पुण्यात १९०२ साली जन्मलेला हा माणूस १९४०च्या दशकात अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत वाघ-बिबळ्यांचे खेळ करत होता.

बाकीच्यांची नावं मात्र हरवली. आमच्या नाशकात ईदगाह मैदानावर तंबू लागायचा तेव्हा मी सकाळच्या सरावाला जाऊन बसायचो. मास्टर ओरडायचे ते उडी मारणाऱ्यावर नाही, जाळ्यात पडणाऱ्यावर. जाळ्यात पाय टेकवून पडलं तर घोटा मुरगळतो, म्हणून हवेतच अंग वळवून पाठीवर पडायचं. आधी पडायला शिकायचं, मग उडायला. आणि समोरच्या झुल्यावर गुडघ्यांत दांडी अडकवून उलटा लटकलेला कॅचर, म्हणजे उडणाऱ्याला हवेत झेलणारा, त्याच्याकडे प्रेक्षकांतलं कुणी बघतही नसे. सगळा खेळ त्याच्या मनगटांवर चालायचा. पावडर फासलेल्या त्या हातांवरचे घट्टे मी जवळून पाहिलेत. टाळ्या उडणाऱ्याला मिळायच्या.

१९९८च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांचे खेळ बंद झाले, २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. २०११ साली लहान मुलांना सर्कशीत कामाला ठेवण्यावरही बंदी आली. दोन्ही निर्णय योग्यच होते. पण जनावरांसाठी निदान पुनर्वसन केंद्रांचा विचार झाला, त्यांच्यासोबत आयुष्य काढलेल्या माणसांचा तेवढा झाला नाही. तंबूतच जन्मलेल्या कित्येकांना तर स्वतःचं गावच नव्हतं.

तुमच्या घरात कुणी सर्कशीत होतं का हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर जुन्या फोटोंच्या मागची बाजू आणि सर्कशीच्या नावाची पत्रं आधी जपून ठेवा, आणि ज्यांना त्यांचं काम आठवतं त्यांच्याकडून ते आजच लिहून घ्या: कोणता खेळ, कोणाबरोबर, कोणाच्या हाताखाली शिकले. आणि पुढच्या वेळी तंबू लागला की तिकीट काढून जा, झुल्याच्या खेळात कॅचरकडे बघा, आणि खेळ संपल्यावर त्याला भेटून त्याचं नाव विचारा.