आरटीआरच्या ओरलचा अभ्यास तोंड उघडून कर

अगं,

तुझा मेसेज वाचला. पेपर क्लिअर झाले, आता आरटीआरचं, म्हणजे वैमानिकाच्या रेडिओ परवान्याचं, ओरल आलंय आणि तुझी झोप उडालीय. सरळ सांगते, तुझा अभ्यास कमी नाहीये, तू तो मनातल्या मनात करतेयस तिथे घोळ आहे. ओरलला मेंदूत काय आहे ते कुणाला दिसत नाही, तोंडातून काय बाहेर पडतं तेवढंच दिसतं.

ठाणे-बेलापूर रोडने रोज बसने जातेस ना, मग समोरच्या गाड्यांच्या नंबरप्लेट रेडिओच्या उच्चारांत वाच, पण मोठ्याने. एमएच ०४ दिसली की माइक होटेल झीरो फोअर, एमएच ४३ दिसली की माइक होटेल फोअर ट्री. बाजूच्या काकू बघतील, बघू देत. थ्रीचं ट्री आणि नाइनचं नाइनर हे पाठ करून होत नाही, जिभेला वळण लागावं लागतं, नाहीतर परीक्षकासमोर घाबरलीस की शाळेतलं थ्री-नाइनच बाहेर येणार.

आणि ते मराठी मीडियमचं रडगाणं आधी बंद कर. उलट इंग्लिश फाडफाड बोलणारी मुलंच तिथे वाक्यं सजवायला जातात आणि अडकतात. रेडिओवर ठरलेले शब्द, ठरलेला क्रम, संपलं. रॉजर म्हणजे तुमचं सगळं ऐकलं, एवढंच. हो म्हणायचं तर अफर्म, सांगितलंत तसं करते म्हणायचं तर विल्को. आणि रनवे, क्यूएनएच (उंचीमापकावर लावायचा हवेचा दाब), स्क्वॉक (रडारवर ओळख देणारा चार आकडी कोड), क्लिअरन्स (कंट्रोलरची परवानगी) आलं की नुसत्या रॉजरवर भागत नाही, आकड्यांसकट परत म्हणून दाखवायचं.

हे सगळं इतकं कडक का, हे कळलं की पाठांतर निम्मं होतं. २७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरिफ बेट, रनवेवर धुकं. केएलएम या डच कंपनीच्या जम्बो विमानाला रूटचा क्लिअरन्स मिळाला होता, त्या वाक्यात टेक-ऑफ हा शब्द आला होता, पण टेक-ऑफची परवानगी नव्हती मिळालेली. तरी ते निघाले, आणि पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचं जम्बो अजून त्याच रनवेवर. कंट्रोलर म्हणतोय थांबा, टेक-ऑफसाठी मी सांगेन, आणि नेमकं त्याच क्षणी पॅन ॲमवालेही बोलले की आम्ही अजून रनवेवर आहोत, दोन्ही ट्रान्समिशन एकमेकांवर चढली आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये धड काही पोचलंच नाही. ५८३ माणसं गेली. म्हणून आज टेक-ऑफ हा शब्द ती परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरतात, एरवी डिपार्चर म्हणायचं. परीक्षकाने विचारलं तर नियम सांगून थांबू नकोस, हे कारणही दोन वाक्यांत सांग.

ओरलला प्रश्न एकटा येत नाही, शेपूट घेऊन येतो. रेडिओ फेल झाला, काय करशील? तू म्हणणार स्क्वॉक ७६००. बरं, मग टॉवर तुझ्याशी बोलणार कसा? लाइट गनने, म्हणजे रंगीत प्रकाशझोताच्या दिव्याने. हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे लँड कर, लाल चमकतोय म्हणजे एरोड्रोम सुरक्षित नाही, उतरू नको. आणि तुला दिसलं हे टॉवरला कसं कळवशील? दिवसा पंख हलवून, रात्री लँडिंग लाइट दोनदा लावून-बंद करून. आता बहुतेक जणी ७६०० वर थांबतात आणि समोरच्याने भुवई उचलली की गडबडतात. म्हणून प्रत्येक उत्तरानंतर स्वतःलाच विचार, मग पुढे?

विमानाच्या व्हीएचएफ रेडिओच्या रेंजचंही तसंच. फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले १.२३, म्हणजे २५०० फुटांवर साधारण ६१ नॉटिकल माइल. आकडा सगळे सांगतात. पण व्हीएचएफ सरळ रेषेत जातं, त्यामुळे खाली उडत पारसिकच्या डोंगराआड गेलीस तर जवळचं स्टेशनही ऐकू येणार नाही, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे.

सीनियर्सच्या जुन्या पीडीएफवर फार विसंबू नकोस हं. आरटीआर आधी दूरसंचार खात्याकडे होतं, २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमानंतर ते डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाकडे, आलंय, तेव्हा पॅटर्न काय ते त्यांच्या साइटवरच्या ताज्या सर्क्युलरमधूनच बघ.

प्रश्न नीट ऐकू आला नाही तर बिनधास्त से अगेन म्हण, रेडिओवरही तेच म्हणतात. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हण. थापा मारल्यास तर पुढचे प्रश्न त्या थापांवरच येतील.

शनिवारी संध्याकाळी नेरूळला ये, जेवायलाच थांब. मी टॉवर, तू विमान व्हिक्टर टँगो ॲल्फा ब्राव्हो चार्ली, स्टार्ट-अपपासून पार्किंगपर्यंत सगळं बोलायचं, मध्येच कुठेतरी मी तुझं इंजिन बंद पाडणार आहे. मेडे कॉलचा, म्हणजे संकटातल्या हाकेचा, क्रम तोंडावर ठेवून ये, मेडे तीनदा, मग स्टेशनचं नाव, स्वतःचा कॉलसाइन, काय झालंय, काय करणार आहेस, कुठे आणि किती उंचीवर आहेस. वही आणू नकोस.

ताई