नव्वद टक्के झालंय

मी समुपदेशक आहे. माझ्याकडे येणाऱ्या तरुण मुलामुलींकडून अलीकडे एक तक्रार फार ऐकू येते. ‘मॅडम, कंपनीत होतो तेव्हा रात्री अकरापर्यंत काम ओढायचो. आता स्वतःचं सॉफ्टवेअर करतोय, डोक्यावर कोणी नाही, तर दुपारपर्यंत लॅपटॉप उघडावासा वाटत नाही. माझ्यात जिद्दच नाही का?’ विचारणारा कधी नोकरी सोडून आलेला असतो, कधी फ्रीलान्स कामं घेणारा. कधी नोकरी सांभाळून रात्री स्वतःचं ॲप लिहिणारी मुलगी असते. प्रत्येकाचं दुखणं थोडं वेगळं असतं. पण निखिलची गोष्ट सांगितली की त्यातलं बरंचसं सांगून होतं. नाव बदललंय, काही तपशीलही. लिहायला त्याची परवानगी आहे.

निखिल एकतीस वर्षांचा. पुण्यात हिंजवडीला सात-आठ वर्षं नोकरी केली आणि मग सांगलीला परतला. बायको इथेच बँकेत आहे. तासगावकडे त्याच्या मामांचं दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ दूध येतं. प्रत्येकाचं लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) नोंदवायचं, दरपत्रकातून दर काढायचा, दर दहा दिवसांनी बिल करायचं आणि त्यातून पशुखाद्याचे न् उचलीचे पैसे कापायचे. मामांकडे सॉफ्टवेअर होतं, पण जुनं. ते अडलं की बसवून देणारा फोन उचलत नसे. निखिलला वाटलं, हे आपण नीट करू. मोबाइलवर चालेल, शेतकऱ्याच्या हातात मराठीत पावती पडेल. सहा महिन्यांत तयार होईल असा त्याचा अंदाज होता. माझ्याकडे आला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं, आणि अपॉइंटमेंट बायकोने घेतली होती.

बसल्या बसल्या त्याने निदानही सांगून टाकलं, ‘मोटिव्हेशनचा प्रॉब्लेम आहे.’ त्यावरचे उपाय करून झाले होते. पहाटे पाचला उठणं, पंचवीस मिनिटांचा टायमर लावणं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं, भिंतीवर ध्येयाचा कागद चिकटवणं. प्रत्येक उपाय आठवडाभर चालला होता. आधी मी नेहमीची चाचपणी केली. पीएचक्यू-९ म्हणून नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, झोप-भूक कशी होती, असं विचारते. सत्तावीसपैकी दहा किंवा जास्त गुण आले की आम्ही नैराश्याचा गांभीर्याने विचार करतो. निखिलचे सात आले. मित्रांत हसत होता, भाच्याबरोबर क्रिकेट खेळत होता, जेवण ठीक होतं. रुची गेली होती ती फक्त त्या एका कामातली. हा फरक महत्त्वाचा आहे. सगळ्यातलीच रुची गेली असेल, झोप उडाली असेल, जगण्याचा कंटाळा येत असेल, तर या लेखावर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कॉल मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

एरवी मी लोकांना रोजनिशी लिहायला सांगते. निखिल म्हणाला, ‘वेगळी कशाला? गिटमध्ये सगळं आहे की.’ प्रोग्रामर कोडमध्ये बदल करून साठवतो तेव्हा काय केलं याची एक ओळ लिहून ठेवतो. तारीख न् वेळ आपोआप पडते. मला हे तोवर माहीत नव्हतं. पुढच्या वेळी तो त्या नोंदी छापून घेऊन आला आणि आम्ही पेन घेऊन वाचायला बसलो.

‘लॉगिन पुन्हा लिहिलं.’ ‘फोल्डरची रचना बदलली.’ ‘डार्क मोड.’ ‘डार्क मोड काढला.’ ‘लायब्ररी अपडेट.’ ‘बिल प्रिंट, सुरुवात.’ इथे अडीच-तीन आठवडे काहीच नाही. मग ‘लॉगिनचं बटण मोठं केलं.’ थोडं पुढे पुन्हा ‘बिल प्रिंट’, आणि पुन्हा तसाच खंड. मधूनमधून एखाददुसऱ्या ओळीच्या किरकोळ नोंदी होत्या. त्या कशाला, तर गिटहबवर, म्हणजे असं कोड ठेवायच्या संकेतस्थळावर, ज्या दिवशी काम होतं त्या दिवसाचा चौकोन हिरवा होतो, म्हणून. सलग किती दिवस काम झालं हा आकडा गिटहबने २०१६ मध्येच प्रोफाइलवरून काढून टाकला, पण चौकोन राहिले, आणि निखिल त्यांच्यासाठी स्वल्पविराम बदलत होता.

पावतीची छपाई का अडली, मी विचारलं. त्याचं उत्तर चांगलं सविस्तर होतं. केंद्रावर असतात तसे स्वस्त थर्मल प्रिंटर बहुतेक इंग्रजी अक्षरंच ओळखतात. देवनागरी छापायची तर पावतीचं चित्र करून पाठवावं लागतं, जोडाक्षरं नीट बसवावी लागतात.

‘किती दिवसांचं काम आहे?’

‘दोन. फार तर तीन.’

‘आणि पावती छापली की पुढे काय?’

‘पुढे मामांकडे नेऊन बसवायचं.’ तो थांबला. मग म्हणाला, ‘अच्छा.’

सगळा आळस जिथे गोळा होत होता ती जागा ही. लॉगिन लिहिताना, फोल्डर लावताना त्याचा उत्साह शाबूत असे. ज्या कामानंतर दुसऱ्या माणसाने बघायचं होतं, तिथे पोचला की हात बंद. मामा चार लोकांत म्हणाले, ‘पुण्यात राहून हेच शिकलास?’ तर? कोणाचा दर लिटरमागे वीस पैशांनी चुकला आणि शेतकरी काउंटरवर भांडायला उभा राहिला तर? ही भीती त्याने मोठ्याने कधी उच्चारली नव्हती. रोज संध्याकाळी बायको विचारायची, ‘किती झालं?’ तो सांगायचा, ‘नव्वद टक्के झालंय.’ चार महिने रोज नव्वद टक्के. प्रोग्रामर लोकांत यावर एक जुना विनोद आहे, बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या टॉम कारगिल यांच्या नावावर तो १९८५ मध्ये छापून आला: पहिल्या नव्वद टक्के कोडला नव्वद टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या दहा टक्क्यांना उरलेला नव्वद टक्के. निखिलनेच मला तो सांगितला. शेवटचे दहा टक्के म्हणजे त्याच्या बाबतीत मामा होते, हे मात्र त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

टाळाटाळ आणि आळस यांत लोक फार गल्लत करतात. आळशी माणूस निवांत असतो. निखिल दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत असायचा आणि रात्री अपराधी वाटून झोपायचा. अशा माणसाला आणखी एक प्रेरणादायी भाषण ऐकवणं मला क्रूरपणाच वाटतो.

मग आम्ही कंपनीतल्या दिवसाकडे वळलो. सकाळी दहाला सगळ्यांनी उभं राहून काल काय केलं ते सांगायचं. टेस्टर चुका काढून परत पाठवणार. गुरुवारी रिलीज. शेजारचा म्हणणार, चल चहाला. अकरापर्यंत काम ओढणारी जिद्द निखिलची होतीच, पण तिला रोज हाक मारायला दहा माणसं होती. घरी आल्यावर ती माणसं गेली, आणि फरक पडला तो स्वभावात, असं त्याने धरलं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आतून येणाऱ्या प्रेरणेला तीन गोष्टी लागतात असं मांडलंय: आपलं आपण ठरवता येणं, जमतंय असं वाटणं आणि माणसांशी जोडलेलं असणं. एकट्याने सॉफ्टवेअर करणाऱ्याला पहिली भरपूर मिळते, दुसरी अधूनमधून, आणि तिसरीचं त्याला भानही नसतं.

निखिलने लगेच लिनस टोरवाल्ड्स पुढे केला. ‘त्याने एकट्याने लिनक्स केलं.’ हे उदाहरण मला इतक्या जणांनी दिलंय की मी त्याची माहितीच काढून ठेवली आहे. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीच्या या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मिनिक्स ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांच्या इंटरनेट गटावर जाहीर लिहिलं, की मी हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, तुम्हाला मिनिक्समधलं काय आवडतं, काय आवडत नाही, सांगा. दाखवायला धड काही नव्हतं. पहिली आवृत्ती सप्टेंबरात आली, तिचा क्रमांक ०.०१. नव्वद टक्के होण्याची वाट त्याने बघितली नाही. अंदाज चुकण्याचं म्हणाल, तर डोनाल्ड क्नुथ यांच्यासारख्या संगणकशास्त्रातल्या दिग्गजालाही वाटलं होतं की टेक हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर वर्षभरात उरकेल. १९७७ मध्ये सुरू केलेलं ते काम स्थिरावायला १९८९ उजाडलं. सहा महिन्यांचं वर्ष झालं म्हणून निखिल स्वतःला नालायक म्हणवून घेत होता, त्याला हे ऐकून जरा बरं वाटलं.

डोक्यातला एक नियमही बदलायला लागला: ‘काम सुरू करण्याआधी मला तसं वाटलंच पाहिजे.’ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी वाचकांपर्यंत कि. मो. फडके यांनी पोचवली. तिचा सगळा रोख अशा ‘च’वर आहे. वाटलं तर छान, न वाटताही सुरुवात करता येते. नैराश्यावरच्या उपचारांतही आम्ही हाच क्रम वापरतो, कृती आधी, मूड मागून. निखिलला हे बौद्धिकदृष्ट्या पहिल्याच दिवशी पटलं, आणि त्यामुळे काहीही झालं नाही. पटण्याने फारसं होत नाही.

झालं ते मामांमुळे. मी त्याला एवढंच सांगितलं की पुढच्या भेटीआधी आहे तसं मामांकडे घेऊन जायचं, पावतीशिवाय, नावं इंग्रजीत असली तरी चालतील. मामांना आधी फोन करून सांगायचं की हे अर्धवट आहे, जुनं बंद करू नका, दोन्हीत नोंदी करू आणि दहा दिवसांनी बेरजा ताडून बघू. दूधवाल्यांचं बिल एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते महिनाअखेर असं चालतं. निखिलला बाहेरून हवी असलेली मुदत गायी-म्हशींनी कधीचीच ठरवून ठेवली होती.

केंद्रावर नोंदी करणारा दादा पहाटेपासून कॅन उचलतो. हात कायम ओले. निखिलने दिलेल्या टॅबवर त्याने बोट ठेवलं, काही उमटलं नाही. शर्टाला बोट पुसून पुन्हा ठेवलं, भलताच आकडा उमटला. मागे रांग. तिसऱ्या शेतकऱ्याला त्याने टॅब बाजूला सारला आणि म्हणाला, ‘मला आकड्यांची बटणं आणि एंटर द्या, बाकी काय नको.’ ज्या पडद्याचे रंग निखिलने महिनाभर बदलले होते, त्याकडे त्याने बघितलंही नाही. मामा काय म्हणाले? काहीच नाही. ते चहा सांगायला गेले होते.

मला वाटलं होतं निखिल खचून येईल. आला तो वहीत यादी घेऊन. साधा नंबरपॅड जोडायचा, शेतकऱ्याचा क्रमांक टाकला की नाव आपोआप यावं, वीज गेली तर नोंद राहावी. त्या आठवड्यात पहाटे सहाला दादाचा फोन आला, ‘एकशे सत्तेचाळीस नंबरचं रातचं दूध सकाळच्यात दिसतंय.’ तो अंथरुणातून उठला आणि नऊच्या आत ते दुरुस्त केलं. ‘मॅडम, कंटाळा यायला वेळच मिळाला नाही,’ म्हणाला. पावतीचं काम त्याने पुढच्या पंधरवड्यात केलं. अडीच दिवस लागले.

बायकोशी वेगळं बोलावं लागलं. तिचा ‘किती झालं?’ हा प्रश्न काळजीचा होता, पण त्याला तो हजेरीचा वाटायचा. आता तो रविवारी अर्धा तास तिला पडदा दाखवतो, इतर दिवशी ती विचारत नाही. तिने एक अट घातली आणि ती मला फार रास्त वाटली: शिलकीचा हिशेब कागदावर हवा. किती महिने पैसे पुरतील हे निखिलने कधी मोजलंच नव्हतं. बायकोच्या पगारावर जगतोय या लाजेपायी तो आकडाच टाळत होता. मोजल्यावर त्याने अर्धवेळ एक बाहेरचं काम घेतलं. प्रेरणेच्या चर्चेत पैशाची गोष्ट लोक कमीपणाची मानतात. पण भाडं-हप्त्याची टांगती तलवार असताना मन कामात लागत नाही, हे सांगायला समुपदेशक कशाला हवा?

वापरणारी माणसं मिळाली की सगळं सुरळीत होतं, असंही मी म्हणणार नाही. एक्सझेड हे जगभर वापरलं जाणारं फुकट सॉफ्टवेअर लासे कोलिन नावाचा माणूस बिनपगारी सांभाळत होता. काम लवकर करा म्हणून लोक मागे लागले तेव्हा २०२२ मध्ये त्याने आपल्या मानसिक त्रासाबद्दल उघडपणे लिहिलं. पुढे मदतनीस म्हणून आलेल्या कोणीतरी विश्वास कमावून त्यात चोरदरवाजा घातला, आणि मार्च २०२४ मध्ये तो उघडकीला आला. म्हणून केंद्रावरच्या दादाला आम्ही वेळा ठरवून दिल्या: दूध चालू असताना फोन केव्हाही, बाकी सूचना फक्त बिलाच्या दुसऱ्या दिवशी. त्याने त्या बऱ्यापैकी पाळल्या.

आता तीन केंद्रांवर त्याचं सॉफ्टवेअर चालतं. महिन्यातला एखादा आठवडा अजूनही पडका जातो; तेव्हा तो नोंदी उघडून कुठे अडलंय ते बघतो आणि पुढच्या पायरीवर कोण उभं आहे त्याला फोन करतो. गेल्या वेळी आला तेव्हा मोटिव्हेशनचा विषयच निघाला नाही. तिसऱ्या केंद्राच्या मालकाने दोन महिन्यांचे पैसे थकवलेत, शिवाय तो मामांचा व्याही. त्याच्याकडे पैसे मागायचे कसे, यात आमचा पाऊण तास गेला.