थाई सासर आणि सिन्सोत

प्रश्न : बँकॉकमध्ये नोकरी करताना एका थाई मुलीशी माझे लग्न ठरत आहे. तिच्या आईवडिलांनी ‘सिन्सोत’ (लग्नात वराने द्यायची रक्कम व सोने) मागितले असून, माझे परदेशी सहकारी याला मुलगी विकणे म्हणतात. तिच्या घरी राजकारणावर बोललेले चालेल का?

उत्तर : सहकाऱ्यांचे मत उथळ आहे. वराने वधूच्या आईवडिलांना द्यायची ही रक्कम व सोने समारंभात सर्वांसमोर तबकात मांडून मोजतात, आणि अनेक घरांत ते पुढे नवदाम्पत्यालाच परत मिळते. म्हणून आकडा होणाऱ्या पत्नीमार्फत आधीच, मोकळेपणाने ठरवा. राजकारणावर आधी ऐका. राजाविषयी मात्र टीका टाळाच, कारण राजाच्या अवमानाबद्दल दंडसंहितेच्या कलम ११२ खाली ३ ते १५ वर्षांची कैद असून ते परदेशी नागरिकांनाही लागू होते.